बैलगाडीच्या थ्रीडी मॉडेलचे आठ दिशांचे स्प्राइट: टाइल जुळत नाही, कडा काळ्या, चाक उलटं फिरतं

धुरकरी

आयसोमेट्रिक, म्हणजे तिरकस वरून दिसणाऱ्या, खेळासाठी बैलगाडीचं मॉडेल ब्लेंडर ४.२ या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तयार आहे. दोन बैल, जू, गाडी आणि वर उजव्या हातात आसूड घेतलेला गाडीवान. याचे चपटे स्प्राइट (खेळात हलणारी सपाट चित्रं) काढून गोदो ४ या गेम इंजिनमध्ये वापरायचे आहेत. खेळातली टाइल (जमिनीची एक फरशी) ६४ × ३२ पिक्सेलची, आणि एक टाइल म्हणजे जमिनीवरचे २ मीटर. मॉडेलमध्ये १ युनिट म्हणजे १ मीटर.

सध्याची मांडणी: ऑर्थोग्राफिक कॅमेरा (लांबच्या वस्तू लहान न दाखवणारा), एक्स ५४.७ अंश, झेड ४५ अंश, ऑर्थोग्राफिक स्केल ६. ईव्ही या ब्लेंडरच्या झटपट रेंडर इंजिनमध्ये ५१२ × ५१२ रेंडर, पार्श्वभूमी पारदर्शक, नंतर ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीने लहान करून १२८ × १२८. आठ दिशांसाठी कॅमेरा गाडीभोवती ४५-४५ अंशांनी फिरवला आहे. चाकाचा व्यास १.३ मीटर, आरे १२, प्रत्येक आरा ५ सेंटिमीटर जाड. बैलांची चाल २४ फ्रेमची, तेवढ्यात गाडी १.७ मीटर पुढे जाते. १ ते २५ मधली दर तिसरी फ्रेम रेंडर केली आहे.

अडचणी बऱ्याच आहेत. गाडी टाइलवर ठेवली की तिरकी बसल्यासारखी दिसते. काही दिशांना ती एकदम काळवंडते. कडेला काळी रेघ येते आणि पिवळा रंग मळकट होतो. आरे लुकलुकतात, चाक मागे फिरल्यासारखं वाटतं, आणि चालीची फेरी संपताना एक गचका बसतो. शिवाय रस्त्यावरून सरळ जाताना मध्येच शेजारच्या दिशेचा स्प्राइट चमकून जातो. यातलं काय कशामुळे होतंय?

तिरपा_कॅमेरा

आधी कॅमेरा, कारण तो चुकीचा असेल तर पुढचं सगळं पुन्हा रेंडर करावं लागतं.

५४.७ अंश हा खऱ्या आयसोमेट्रिकचा कोन आहे. त्यात कॅमेरा क्षितिजापासून ३५.२६ अंश वर असतो आणि जमिनीवरच्या चौकोनाची उंची रुंदीच्या ०.५७७ पट दिसते. ६४ रुंदीला ३७ उंची. तुमची टाइल ६४ × ३२, म्हणजे बरोबर निम्मी उंची. त्यासाठी कॅमेरा क्षितिजापासून ३० अंशांवर हवा, कारण ३० अंशाचा साइन ०.५ आहे. ब्लेंडरमध्ये एक्स ० म्हणजे कॅमेरा सरळ खाली बघतो, म्हणून एक्स ६० अंश द्या. झेड ४५ बरोबर आहे. खेळांच्या जगात आयसोमेट्रिक म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं, आणि इथेच सगळे अडखळतात.

आता स्केल. २ मीटरचा चौकोन ४५ अंशात फिरला की त्याचा कर्ण आडवा येतो: २ × १.४१४ = २.८२८ मीटर. हे ६४ पिक्सेलमध्ये बसायला हवं, म्हणजे मीटरला २२.६३ पिक्सेल. फ्रेम १२८ ची, तेव्हा ऑर्थोग्राफिक स्केल १२८ ÷ २२.६३ = ५.६५७. तुम्ही ६ दिलंय, त्यामुळे टाइल ६० पिक्सेलच्या आसपास येते आणि वरच्या कोनामुळे तिची उंची ३५ होते. गाडी तिरकी वाटते ती या दोन चुकांच्या बेरजेने. ऑर्थोग्राफिक स्केल फ्रेमच्या मोठ्या बाजूला लागू होतं, हेही ध्यानात असू द्या. उद्या फ्रेम १९२ × १२८ केलीत तर १९२ ने हिशोब करून ८.४८५ द्यावं लागेल.

अंदाजपंचे न जाता एक चाचणी करा. उगमबिंदूवर २ × २ मीटरचा साधा प्लेन ठेवा, कॅमेरा नेमका उगमबिंदूकडे रोखा आणि १२८ × १२८ रेंडर काढा. चित्रात समभुज चौकोन आडवा ३२ ते ९६ आणि उभा ४८ ते ८० पिक्सेलमध्ये बसला पाहिजे. टोकाला एखादा पिक्सेल इकडेतिकडे चालेल, त्याहून जास्त नाही. हे जमेपर्यंत गाडीला हात लावू नका.

काळवंडण्याचं कारण सरळ आहे: तुम्ही कॅमेरा फिरवला, सूर्य मात्र जागीच राहिला. त्यामुळे काही दिशांना कॅमेरा गाडीच्या सावलीतल्या बाजूला उभा असतो. खेळात प्रकाश पडद्याच्या हिशोबाने एकाच बाजूचा हवा. उगमबिंदूवर एक एम्प्टी (रेंडरमध्ये न दिसणारी रिकामी वस्तू) घाला, सगळी गाडी त्याच्या पोटात टाका आणि तो एम्प्टी फिरवा. कॅमेरा आणि दिवा स्थिर. एम्प्टी नेमका दोन चाकांच्या मधोमध जमिनीला टेकलेला असू द्या, कारण तोच स्प्राइटचा टेकणबिंदू होणार आहे.

आठ दिशांचं रेंडर हाताने काढू नका. पायथॉनच्या दहा ओळींत दोन लूप बसतात: बाहेरचा एम्प्टीचा झेड कोन बदलतो, आतला फ्रेम पुढे सरकवून रेंडर करतो. कोन रेडियनमध्ये द्यायचा असतो. रेंडरच्या हुकमाला फाइल लिहायचं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर रेंडर होतो आणि फोल्डर रिकामं राहतं. फाइलच्या नावात आकडे ००, ०१, ०२ असे दोन अंकी ठेवा, नाहीतर १ नंतर १० येतं आणि शीटमध्ये (सगळ्या फ्रेम एकत्र मांडलेल्या चित्रात) चालीचा क्रम बिघडतो.

कडेकोट

काळी रेघ ब्लेंडरची नाही, ती लहान करताना येते. ओपनसीव्हीचं रिसाइझ लाल, हिरवा, निळा आणि अल्फा (पारदर्शकता: ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण भरीव) या चारही चॅनलची सुटी सुटी सरासरी काढतं. समजा कडेला एक पिवळा पिक्सेल आहे: २४०, २००, ६०, अल्फा २५५. त्याच्या शेजारी रिकामा: ०, ०, ०, अल्फा ०. सरासरी येते १२०, १००, ३०, अल्फा १२८. अर्धपारदर्शक व्हायला हवा होता तो पिक्सेल शिवाय अर्धा काळाही झाला. बरोबर उत्तर २४०, २००, ६०, अल्फा १२८. त्यासाठी लहान करण्याआधी तिन्ही रंगांना अल्फाने गुणा, सरासरी काढा आणि शेवटी पुन्हा अल्फाने भागा. किंवा त्याहून सोपं म्हणजे थेट १२८ ला रेंडर करा, म्हणजे लहान करण्याची पायरीच उरत नाही. मी दुसरं सुचवेन.

थेट १२८ ला काढताना फिल्म विभागातला फिल्टर साइज बघा. मूळ आकडा १.५ पिक्सेल असतो, एवढ्या छोट्या चित्राला तो फार मऊ पडतो. पिक्सेल आर्टसारखी करकरीत कड हवी असेल तर तो ०.०१ करा. प्रत्येक पिक्सेलचा नमुना मधोमध घेतला जातो आणि कड पायऱ्यापायऱ्यांची येते.

मळकट पिवळ्याचं कारण कलर मॅनेजमेंट. ब्लेंडर ४.० पासून व्ह्यू ट्रान्सफॉर्म मुळात एजीएक्स असतं. फोटोसारख्या रेंडरला ते छान, पण भडक रंग ते मुद्दाम उतरवतं. स्प्राइटसाठी स्टँडर्ड निवडा. आणि आउटपुटच्या पोस्ट प्रोसेसिंगमध्ये डिदर १ असतो, तो ० करा. नाहीतर एकसारख्या दिसणाऱ्या पट्ट्यात रंगाचा एकेक अंकाचा फरक शिरतो आणि नंतर पॅलेट १६ किंवा ३२ रंगांवर आणताना कण उडाल्यासारखे दिसतात.

छटाही मोजक्याच ठेवा. ईव्हीमध्ये डिफ्यूज शेडर, पुढे शेडर टू आरजीबी, पुढे कॉन्स्टंट लावलेला कलर रॅम्प, तीन थांबे: उजेड, मधला, सावली. एवढ्यावर लाकूड, बैलाचं अंग, फेटा सगळं वाचता येतं. हा शेडर टू आरजीबी नोड सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या दुसऱ्या रेंडर इंजिनमध्ये, चालत नाही.

आरे लुकलुकतात कारण ते पिक्सेलला जेमतेम पुरतात. ५ सेंटिमीटर × २२.६३ म्हणजे १.१ पिक्सेल. चाक थोडं फिरलं की आरा एका फ्रेमला एक पिक्सेल जाड, दुसऱ्या फ्रेमला तुटक. मॉडेलमध्येच आरे ९ सेंटिमीटर करा म्हणजे दोन पिक्सेल मिळतात. धावही तशीच जाड करा. कासरा २ सेंटिमीटरचा असेल तर तो अर्ध्या पिक्सेलचाही नाही, त्याला किमान ६ सेंटिमीटर द्या. जवळून बघितलं तर मॉडेल बेंगरूळ दिसेल, पण ते कुणी जवळून बघणार नाही. स्प्राइटचं मॉडेल हे त्या एका कॅमेऱ्यासाठीच घडवायचं असतं.

फ्रेममोजणी

चाकाबद्दल लिहितो, कारण यात मॉडेलचा दोष नसून निव्वळ आकडेमोड आहे.

१.३ मीटर व्यासाच्या चाकाचा परीघ ४.०८ मीटर. गाडी १.७ मीटर गेली की चाक १५० अंश फिरतं. ८ फ्रेममध्ये वाटलं तर फ्रेममागे १८.७५ अंश. आता १२ आरे म्हणजे दोन आऱ्यांमध्ये ३० अंश, आणि सगळे आरे एकसारखे. डोळा प्रत्येक आऱ्याची जोडी पुढच्या फ्रेममधल्या सगळ्यात जवळच्या आऱ्याशी लावतो. आरा १८.७५ अंश पुढे गेला, पण मागून येणारा आरा त्याच्या जुन्या जागेपासून फक्त ११.२५ अंश मागे आहे. तोच जवळचा, म्हणून चाक उलटं फिरताना दिसतं. नियम असा की फ्रेममागचं फिरणं आऱ्यांच्या निम्म्या अंतराच्या, म्हणजे इथे १५ अंशांच्या, आत हवं. नेमकं १५ झालं तर चाक कुठल्याच बाजूला न फिरता नुसतं थरथरतं.

दोन वाटा आहेत. एक, चाल ३२ फ्रेमची करून दर दुसरी फ्रेम काढा: १६ फ्रेम, प्रत्येकी ९.४ अंश. दुसरी, ८ फ्रेमच ठेवा आणि चाक एका फेरीत १५० ऐवजी ९० अंश फिरवा: फ्रेममागे ११.२५ अंश, दिशा स्पष्ट. यात चाक जमिनीवर घसरतं खरं, पण ते कळत नाही. बैलाचा खूर घसरला तर लगेच डोळ्यात येतो, गोल धाव घसरलेली कुणाला दिसत नाही. जागा वाचवायची असेल तर मी दुसरी वाट घेईन. एकच पथ्य: फेरी संपताना चाक ३० अंशांच्या पटीत थांबलं पाहिजे, ९० आणि १५० दोन्ही चालतात. आणि धावेवर सांधा किंवा एखाद्या आऱ्यावर वेगळा रंग दाखवला असेल तर हे लागू नाही, मग चाक पूर्ण ३६० अंश फिरूनच फेरी जुळते.

चाकाच्या की-फ्रेम १ आणि २५ वर ठेवा, २४ वर नाही, आणि इंटरपोलेशन लिनियर करा. मूळ बेझिअर तसंच राहिलं तर चाक प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला आणि शेवटी मंदावतं.

गचका मात्र दुसऱ्याच गोष्टीचा आहे. १ ते २५ मध्ये दर तिसरी काढली की १, ४, ७ असं करत २२ आणि २५ अशा नऊ फ्रेम येतात. २५ वी ही १ लीच आहे, म्हणजे तीच मुद्रा दोनदा दिसते. शेवट २४ द्या, आठच येतील.

बैलांच्या खांद्याचं वरखाली होणंही पिक्सेलमध्ये मोजा. या कॅमेऱ्यात उभी उंची ०.८६६ पट दिसते, म्हणून एक पिक्सेल म्हणजे साधारण ५.१ सेंटिमीटर. खांदा ३ सेंटिमीटर हलवला तर पाठीची कड काही ठिकाणी उडी मारते, काही ठिकाणी नाही, आणि पाठ उकळल्यासारखी दिसते. एकतर ५ सेंटिमीटर हलवा, नाहीतर अजिबात नको.

आता मध्येच चमकणारा स्प्राइट. बहुधा तुम्ही पडद्यावरच्या वेगाचा कोन घेऊन ४५ ने भागताय. पण जमिनीवरचा ४५ अंशाचा रस्ता पडद्यावर २६.५७ अंशाचा दिसतो, आणि तुमची दोन दिशांमधली सीमा २२.५ वर आहे. फक्त चार अंशांचा फरक. वाट शोधताना गाडी किंचित हलली की ती सीमा ओलांडते. कोन काढण्याआधी वेगाच्या वाय घटकाला २ ने गुणा. मग रस्ता नेमका ४५ वर येतो आणि दोन्ही बाजूंना २२.५ अंश मोकळे मिळतात.

धुरकरी

प्लेनची चाचणी जुळली, गाडी टाइलवर बरोबर बसते. चाक ९० अंशांवर आणलं, सरळ फिरतंय. वायला २ ने गुणल्यावर स्प्राइट चमकणं थांबलं. सर्वांचे आभार.

आता दोन प्रश्न. पाच दिशा रेंडर करून उरलेल्या तीन आरशासारख्या उलटवल्या तर चालेल का? आणि खेळात रात्र आहे, गाडीखाली टांगलेल्या कंदिलाचा उजेड बैलांच्या पायांवर पडायला हवा. स्प्राइटवर तो कसा पाडायचा?

जुनी_कार्ट्रिज

पाच दिशांची युक्ती जुनी आणि भक्कम आहे. १९९७ च्या एज ऑफ एम्पायर्समध्ये सैनिकांच्या पाचच दिशा साठवल्या आहेत, बाकीच्या तीन उलटवून दाखवतात. तेव्हा मेमरी ही खरी अडचण होती. १९९४ च्या डाँकी काँग कंट्रीचे प्राणी सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवर थ्रीडीत रेंडर केले होते, पण कन्सोलवर एका स्प्राइटला १५ रंग आणि सोळावा पारदर्शक, एवढ्यातच भागवावं लागत होतं.

तुमचा हिशोब मांडू. १२८ × १२८ ची एक फ्रेम, पिक्सेलमागे ४ बाइट, म्हणजे ६४ केबी. ८ दिशा × ८ फ्रेम म्हणजे ६४ फ्रेम, ४ एमबी. पाच दिशांत २.५ एमबी. दीड एमबी वाचवायला तुम्ही काय गमावता ते बघा: गाडीवानाचा आसूड डाव्या हातात जातो, डावा बैल उजवीकडे येतो, आणि डावीकडून पडणारा उजेड उजवीकडून पडतो. दोन बैल वेगळ्या रंगाचे असतील तर गाडी वळताना ते जागा बदलतात, आणि हे खेळणाऱ्याला पहिल्या मिनिटात दिसतं. गाडीसाठी आठही दिशा रेंडर करा. पन्नास प्रकारची कोंबडी-कुत्री असतील तिथे उलटवा, आणि त्यांच्यासाठी दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावर मधोमध ठेवा म्हणजे उजेडाची बाजू बदलत नाही.

उलट, वाचवलेली जागा दिशा वाढवायला वापरावी असं माझं मत आहे. माणूस ४५ अंशांनी वळला तर खपतं, पण पाच मीटर लांबीची गाडी ४५ अंशांची उडी मारते तेव्हा ती जागेवरून उचलून ठेवल्यासारखी दिसते. फॅक्टोरिओमध्ये मोटारीला ६४ दिशा आहेत. तुम्ही १६ करा: ८ एमबी, आजच्या कुठल्याही फोनला जड नाही. एम्प्टी २२.५ अंशांनी फिरवायचा, पडद्यावर मोजून नाही, जमिनीवर.

सावली वेगळी रेंडर करा. ती गाडीच्या स्प्राइटमध्येच उतरवली तर शेजारून जाणाऱ्या माणसाच्या अंगावर चढते, आणि दोन सावल्या एकमेकींवर आल्या की तिथे दुप्पट काळोख होतो. सायकल्समध्ये जमिनीला शॅडो कॅचर (फक्त सावली झेलणारी) करा आणि गाडीच्या रे व्हिजिबिलिटीमधून फक्त कॅमेरा काढा: गाडी दिसत नाही, सावली पडते. गोदोत सगळ्या सावल्या एका कॅनव्हास ग्रुपमध्ये अपारदर्शक काळ्या काढून त्या ग्रुपलाच ४० टक्के अल्फा द्या, आणि तो ग्रुप जमिनीच्या वर, पण बाकी सगळ्याच्या खाली ठेवा.

शीट बांधताना फ्रेमच्या मधे २ पिक्सेल मोकळे सोडा. पॅकर (शीट बांधणारं साधन) रिकामी कड कापत असेल तर त्याने किती कापलं ते आकडे वाचूनच स्प्राइट मांडा, नाहीतर टेकणबिंदू प्रत्येक फ्रेमला हलतो आणि गाडी जागच्या जागी नाचते.

एका गोष्टीत कडेकोट यांच्याशी सहमत नाही. फिल्टर ०.०१ केला की कड करकरीत येते, पण आतले आरे आणि बैलांचे पायही तसेच खडबडीत होतात. मी फिल्टर १ च्या आसपास ठेवून रेंडर काढतो आणि नंतर फक्त अल्फाला उंबरठा लावतो: १२८ च्या खाली ० आणि वर २५५. बाहेरची रेघ कडक, आतलं काम मऊ.

कडेकोट

पॅलेट मोकळी असेल तर तुमची रीत चांगली. १६ रंगांत उतरवायचं असेल तर आतल्या मऊ पिक्सेलचे मधले रंग नको त्या छटेत जाऊन बसतात आणि फ्रेमगणिक जागा बदलतात, म्हणून मी ती टाळतो. धुरकरींची पॅलेट कोणती त्यावर ठरवावं.

कंदिलासाठी नॉर्मल मॅप लागेल, म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या जागी पृष्ठभागाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते रंगात सांगणारं चित्र. डेड सेल्समध्ये थ्रीडी मॉडेल कमी रेझोल्यूशनला, कड मऊ न करता रेंडर करून त्याच्या जोडीला नॉर्मल मॅप काढले आहेत, तीच वाट इथे घ्या. सगळ्या गाडीला एकच मटेरिअल लावा: जॉमेट्री नोडमधला नॉर्मल, पुढे व्हेक्टर ट्रान्सफॉर्म वर्ल्ड टू कॅमेरा, मग ०.५, ०.५, -०.५ ने गुणाकार, प्रत्येकात ०.५ मिळवा आणि एमिशनला जोडा. तिसरा आकडा उणे आहे, कारण या नोडच्या कॅमेरा स्पेसमध्ये झेड पडद्याच्या आत जातो.

व्ह्यू ट्रान्सफॉर्म या रेंडरपुरतं रॉ हवं. तपासायला कॅमेऱ्याकडे नेमकं तोंड केलेला एक प्लेन रेंडर करून त्याचा रंग वाचा. १२८, १२८, २५५ आला तर बरोबर. १८८, १८८, २५५ आला तर स्टँडर्डच राहिलंय आणि गॅमा चढलाय. मग कंदील कुठेही ठेवा, उजेड वरून उजवीकडूनच आल्यासारखा दिसेल. नॉर्मलच्या रेंडरला फिल्टर ०.०१ च ठेवा, दोन दिशांची सरासरी काढून तिसरीच दिशा तयार व्हायला नको.

गोदोत कॅनव्हास टेक्स्चरमध्ये रंगाची शीट आणि नॉर्मलची शीट एकत्र द्या. दोन्हींची मांडणी पिक्सेलला पिक्सेल तीच हवी, म्हणून पॅकर एकदाच चालवा आणि नॉर्मलला त्याच चौकटी वापरा. कंदिलाच्या जागी पॉइंट लाइट आणि त्याची उंची थोडी वाढवा. शून्यावर ठेवलात तर कॅमेऱ्याकडे तोंड केलेले भाग काळेच राहतात. कोंबड्यांची चित्रं फाइलमध्येच उलटवून ठेवणार असाल तर त्यांच्या नॉर्मल मॅपचा लाल चॅनल २५५ मधून वजा करायला विसरू नका.